मयताचं नाव काढलं म्हणून

दादा, मी तुमची थोरली मुलगी. आज मी तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, तेव्हा बापाशी बोलताना आवाज थोडा चढला तर ऐकून घ्या. इथे माझं ऐकून घेणारं सध्या कुणी नाही.

तुम्ही हर्नियाच्या ऑपरेशनला गेलात तो दिवस मला आठवतो. मिलमध्ये ओझी उचलून झालेलं दुखणं. खांद्यावर टॉवेल टाकून तुम्ही भोईवाड्यातून चालत निघता, दारात वळून आईला म्हणता, ‘सुकटीची चटणी करून ठेव, आल्यावर खाईन.’ दुपारी निरोप आला की टेबलावरच हार्ट बंद पडलं. का बंद पडलं, हे आपल्यातल्या कुणी विचारलं नाही. डॉक्टरला का विचारायची आपली रीतच नव्हती. माझी शाळा सातवीत सुटली, धाकटा भाऊ तर तेव्हा आईच्या कडेवर होता. खूप वर्षांनी, भाकऱ्या थापता थापता, आई मला म्हणाली, ‘त्यांना आणलं तेव्हा अंग तव्यासारखं कढत होतं गं. आणि जबडा असा आवळलेला, की तोंडात पाणी घालता आलं नाही.’ बस, एवढंच. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

तो कडेवरचा मुलगा आता नोकरीतून निवृत्त व्हायला आला. मागच्या वर्षी त्याचं डोकं सारखं दुखायला लागलं. तपासलं तर मेंदूत गाठ निघाली, साधी, पण काढायला हवी अशी. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई त्याच्या खाटेजवळ आल्या. तरुण पोरगी, नाकात चमकी. म्हणाल्या, ‘घरात कुणाला भूल दिल्यावर कधी काही त्रास झाला होता?’ माझी भावजय बोलायच्या आत तिचा भाऊ म्हणाला, ‘नाय मॅडम, सगळे फिट. यांच्यात कोणाला काय नाय.’ जसा काही तो आपल्या घरात जन्मला होता. मला तर त्याने आधीच मागच्या भिंतीशी उभं केलं होतं. ‘ताई, तुम्ही जरा मागे थांबा. उद्या आत नेतानाही समोर नका येऊ, बरं नाही दिसत.’ विधवा ना मी. दादा, तुमच्या वडिलांनी बौद्ध झाल्यावर घरातले सगळे देव नेऊन समुद्रात सोडले, हे तुम्ही किती अभिमानाने सांगायचात. देव गेले, पण अपशकुन तेवढे आपण माळ्यावर जपून ठेवले, ते कुणासाठी?

मी मागूनच बोलले. ‘आमचे वडील ऑपरेशनच्या टेबलावर गेले.’ भावजयीने माझा दंड असा चिमटला की दोन दिवस वळ होता. ‘ताई, आज हे काढायचं असतं का?’ पण डॉक्टरीणबाई उठून माझ्याकडे आल्या. कशाने गेले? ताप होता का? अंग ताठ होतं का? मी आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या खाली बसल्या आणि मला समजेल असं बोलल्या. काही माणसांच्या शरीराला भुलीचे ठराविक वायू आणि एक इंजेक्शन सहन होत नाही. अंग पेटतं, स्नायू लाकडासारखे होतात, आणि वेळेत ओळखलं नाही तर माणूस हाती लागत नाही. फार क्वचित होतं, पण ते रक्तातून पुढे येऊ शकतं. ‘तुमच्या वडिलांना तेच झालं असं आज खात्रीने नाही सांगता येणार, पण मी धोका घेणार नाही. दुसऱ्या औषधांनी भूल देते. बरं झालं बोललात.’ जाताना त्यांनी बजावलं, की भावाने, त्याच्या मुलीने आणि मी यापुढे कुठल्याही ऑपरेशनच्या आधी हे सांगायचं. मुलगी तेव्हा ऑफिसात होती. तिला कळवते असं भावजय म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. भुलीचा काही त्रास झाला नाही. भाऊ जागा झाला, चहा मागितला, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तू अजून इथेच? घरी डाळ करपेल.’ दुसऱ्या दिवशी मात्र तो गुंगीत जायला लागला. फोटो काढला तर मेंदूच्या मागच्या भागात रक्त साचलेलं, जिथे कुणी हातही लावला नव्हता तिथे. पुन्हा आत नेलं. जगला, पण आता तो होडीत उभं राहिल्यासारखा चालतो आणि त्याचे शब्द अडकतात. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘असं क्वचित होतं. का होतं ते नक्की सांगता येत नाही.’ मी विचारलं, भूल बदलली म्हणून झालं का? ते स्पष्ट नाही म्हणाले. एका घरात दोनदा ‘क्वचित’ ऐकून घ्यायला काय लागतं, ते त्यांना कसं कळावं. तरी त्यांच्यावर माझा राग नाही. माहीत नाही म्हणणारा डॉक्टर तरी मला भेटला, तुमच्या वेळी तोही नव्हता.

राग आहे तो घरच्यांवर. ‘आदल्या दिवशी मयताचं नाव काढलं, तेच भोवलं,’ असं भावजय आल्यागेल्याला सांगते. लालबागच्या मार्केटात मासळीवाल्या बाईपर्यंत ते पोहोचलं. आणि मुलीला? तिला काहीच सांगितलं नाही. मी विचारलं तर भावजय म्हणाली, ‘पोरीचं जमत आलंय. घराण्यात खोट आहे म्हणून बोभाटा करायचाय का तुम्हाला? लग्न होऊ दे, मग बघू.’ मग म्हणजे केव्हा? बाळंतपणात अडली आणि पोट फाडायला घेतलं, तेव्हा? सोयरिकीपुढे पोरीचा जीव स्वस्त झाला, आणि तो कुणी केला, तर तिच्या आईने. मला तोंडावर सांगितलं, ‘तिच्याशी यातलं एक अक्षर बोललात तर आमच्या दारात यायचं नाही.’

मी बोलले. तिला माझ्या घरी बोलावलं, चहा दिला आणि आईच्या शब्दांपासून सगळं सांगितलं. तिने ऐकलं, कप खाली ठेवला आणि म्हणाली, ‘आत्या, मम्मीची परमिशन कशाला काढत बसलीस इतके दिवस? मला डायरेक्ट सांगायचं ना.’ तिने त्या मुलालाही सांगून टाकलं. तो म्हणाला, ‘माझ्या घरात तीन पिढ्या शुगर आहे, फिट्टंफाट.’ सोयरीक टिकली. साखरपुडा झाला, आणि मला बोलावणं आलं नाही. भाची फोन करते, गॅलरीत जाऊन हळू बोलते.

नवरा गेल्यापासून मी पुष्कळ वाचलं, दादा. मेंदूबद्दल, रक्ताबद्दल, मिळेल ते. त्या रक्तस्रावाचा तुमच्या नावाशी काही संबंध नाही, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला एक सांगते. मध्ये भाऊ विहाराबाहेर भेटला. मला बघून त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ओठ हलत राहिले, भावजय दंड धरून त्याला पुढे घेऊन गेली. तो मागे वळून बघत होता, पाय वाकडे पडत होते. तेव्हा माझ्याही मनात येऊन गेलं, की त्या दिवशी तुमचं नाव काढलं नसतं तर.