बिनचाकी विमानाचे फर्मे

मी, सुपडू वना बैसाणे, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा सुतारकाम व विमाने बनवणे, राहणार दोंडाईचा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय थकले आहे. डोके थकलेले नाही आणि हात तर मुळीच नाही. शंका असेल त्याने हे अक्षर पाहावे.

धंद्याचा रकाना वाचून कचेरीत कोणी हसले तर त्यांच्यासाठी खुलासा. फौजेत मी सुतार होतो. तोफखान्याच्या जवानांना नेम शिकवण्यासाठी माणसाविना उडणारी लाकडी विमाने लागतात. जमिनीवरून रेडिओने ती चालवतात. शेपटीला लांब कापडी पट्टा बांधतात. गोळी पट्ट्याला लागावी आणि विमान सुखरूप खाली यावे. निवृत्त झाल्यावर मी तीच विमाने स्टेशनमागच्या शेडमध्ये बनवली आणि पार्सलने देशभर पाठवली. एकाचाही पंख हवेत उकललेला नाही. हे मी फुशारकी म्हणून लिहीत नाही. बरे, फुशारकी म्हणूनच लिहितो.

१. राहते घर पत्नी ताईबाई हिच्या हयातीपर्यंत तिचे, नंतर मुलगा जीवराम याचे. पंखांवरचे सगळे कापड तिने शिवले आहे, तेव्हा तिच्या घरात तिला कोणी कामाला लावू नये. तिला दुपारी झोपू द्यावे.

२. पोस्टातील शिल्लक जीवराम आणि मुलगी सुगंधाबाई यांनी निम्मी निम्मी घ्यावी. भांडू नये. भांडण्याइतकी ती नाही.

३. माझा मोठा रंधा पितांबर मिस्तरी यांना द्यावा. लहानपणी मी त्यांच्या वडिलांच्या रंध्याला हात लावला होता. वडिलांनी माझ्यादेखत तो राखेने घासला, धुतला आणि उन्हात ठेवला. महाराचे पोर रंधा धरणार, हे त्यांना सोसले नाही. पुढे फौजेने रंधाच माझ्या हातात दिला आणि बाकी सारे मी करून दाखवले. पितांबरभाऊंशी माझे वैर नाही, त्यांच्याबरोबर रोज चहा होतो. पण अट अशी की हा रंधा त्यांनी न घासता, न धुता वापरावा.

४. शेड, हत्यारे आणि जुन्या विमानांचे फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर दाबून पंखाला गोलाई देतात ते लाकडी साचे, सुगंधाबाईचे. जीवरामला याचे वाईट वाटेल. म्हणून कारण लिहितो.

पाच वर्षांपूर्वी मुंबईहून एक शेठ आले. त्यांना मोठे विमान हवे होते. पंख लांब, टाकी मोठी, नाक पोकळ. असे काम मला कोणी दिले नव्हते. मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. फर्मे कोरले, पंखांची एक जोडी केली. पंख माझ्या उंचीहून लांब, आणि बोटावर तोलला तर हलायचा नाही. शेठ पाहून खूष झाले. म्हणाले, "चाकं तेवढी काढा. वजन वाचेल, लांब जाईल."

सुगंधा लाकूड चिकटवायचा सरस ढवळत होती. शेठ गेल्यावर तिने विचारले, "आबा, हाई इमान परत नही येई का?"

मी म्हणालो, "चाकंच नहीत त्याले, उतरी कोठे?"

"मंग त्याना नाकमा काय भरतीन?"

मला उत्तर ठाऊक होते. तिलाही होते. जीवराम म्हणाला, "आबा, आपलं काम लाकडानं. मंग ते कोठे जाई, आपले काय करनं शे?" कोणाच्या तरी घरावर जाईल, एवढे मला पुरेसे होते. दुसऱ्या दिवशी मी शेठला नकार कळवला. जीवराम महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याच्या डोळ्यांसमोर शेडच्या जागी सिमेंटचा पक्का कारखाना उभा होता, तो मी पाडला. पोरगा लोभी नाही. त्याला मोठे व्हायचे होते, आणि ते तो माझ्याकडूनच शिकला.

यंदा आखातातली लढाई टीव्हीवर पाहिली. दुरून सुटणारे, माणसाविना जाणारे, एकाच खेपेचे अस्त्र. पुढच्याच आठवड्यात शेठ पुन्हा दारात. मी आत पडलो होतो. जीवराम त्यांना हळूच म्हणाला, "आबा आहेत तोवर नाही. नंतर बघू."

त्या 'नंतर'साठी हे मृत्युपत्र आहे. शेडमधून जे विमान बाहेर जाईल त्याला चाके असतील. सुगंधाबाईला हे सांगावे लागणार नाही, म्हणून शेड तिची.

५. राहिले लांब पंखाचे फर्मे आणि ती पंखांची जोडी. आजच जाळता आले असते. पण खरे सांगतो, असे काम माझ्या हातून दुसरे झाले नाही. संध्याकाळी मी शेडमध्ये जातो आणि त्या पंखावरून हात फिरवतो. मला त्याचा अभिमान आहे, तो आहे तोवर राहू द्यावा. मी गेल्यावर त्या पंखांची तिरडी करावी. त्रिशरण, पंचशील झाल्यावर फर्मे माझ्या सरणावर ठेवावेत आणि अग्नी जीवरामनेच द्यावा. एकही तुकडा मागे राहू नये.

हे कलम मी काल जीवरामला वाचून दाखवले. तो म्हणाला, "आबा, फर्मा मीच उचलसू. सरणवर मीच ठेवसू." असा माझा मुलगा आहे, हे या कागदावर नोंदलेले असावे. जरा वेळाने रडता रडता हसला आणि विचारू लागला, "तिरडीले चाकं लावनं शेत का?"

मी म्हणालो, "नको. मले परत येनं नही."

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर वाचला आणि सही केली.

ठिकाण: दोंडाईचा
दिनांक: ९ मार्च १९९१

(सही) सुपडू वना बैसाणे

साक्षीदार:
१. हिलाल पुना अहिरे, निवृत्त पोस्टमन (सही)
२. पितांबर भाईदास मिस्तरी (सही). रंध्याची अट मान्य.