हळद तपासावी लागेल

८ मार्च, शनिवार
सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात गाठले. शुक्रवारी रंगाचा सण, यंदा सगळे मिळून गच्चीवर खेळणार आहेत. आजोबा, तुम्ही आपले दार लावून बसा, पोरे ऐकत नाहीत, असे म्हणाला. काळजीनेच म्हणाला असेल. पण मुलाकडे राहायला येऊन दोन वर्षे झाली, आणि या इमारतीत माझी ओळख काय, तर लिफ्टचे दार उघडे टाकणारे चौथ्या मजल्यावरचे आजोबा. मी त्याला तिथेच सांगितले, रेशमाच्या रंगखात्यात एकोणतीस वर्षे काढली आहेत. रंग मी करतो. फुलांचा, घरचा, कुणाला इजा नाही. तो घड्याळाकडे बघत बरं म्हणाला. म्हणजे सगळी जबाबदारी माझ्यावर आली.

९ मार्च
हिला सांगितले. ही म्हणाली, खात्यात तुम्ही हंडे ढवळायचात, रंग दुसरेच करायचे. चाळीस वर्षांच्या संसारात हिला एवढे कळले नाही की रंग ढवळणाऱ्यालाच कळतो. वाद घातला नाही. उद्यापासून पहाटे उठून झेंडूची फुले आणायची.

१० मार्च
पहाटे पाय दुखत होता. फुले सूनबाईने ऑफिसातून येताना आणली. ती बँकेत काउंटरवर असते. दिवसभर माणसांशी बोलून आल्यावरही फुले आणली, आणि वर विचारते, बाबा, एवढी पुरतील ना? चांगली आहे. मुलाला पारख नव्हती, नशीब होते.

११ मार्च
इमारतीखालच्या दुकानदाराकडून दोन किलो हळद आणि अर्धा किलो तुरटी. त्याने विचारले, तुरटी कशाला? दाढीला, म्हणालो. तो म्हणाला, आजोबा, एवढ्या तुरटीत पलटणीची दाढी होईल. खात्यातली युक्ती दुकानात सांगत बसू का?

१३ मार्च, गुरुवार. दुपार
रंग झाला. हंडा सूनबाईचाच, कपडे भिजवायचा. फुले उकळली, हळद घातली. रंग दिसायला सुरेख, पण बोटावर घेऊन धुतला तर निघून गेला. मनाला पटेना. कच्चा रंग मी आयुष्यात कुणाच्या हातात दिलेला नाही. खात्यातले साहेब ओला रुमाल रेशमावर घासून बघायचे, रुमालाला डाग पडला की सगळा माल परत. म्हणून तुरटीचे पाणी दिले. शिवाय पेटीत खात्यातला जुना डबा होता, त्यातला केशरी रंग चमचाभर. चमचाभर म्हणजे नाहीच. ओट्यावरच्या फडक्यावर तपासला. तीनदा साबण लावला, रंग हलला नाही. डोळे भरून आले. अजून हात विसरले नाहीत.

ढवळताना सवयीने रबरी हातमोजे घातले होते.

१४ मार्च, शुक्रवार. सकाळी ११
गच्चीवर नुसता जल्लोष. सेक्रेटरीने सगळ्यांसमोर सांगितले की हा रंग आपल्या आजोबांनी केला आहे. टाळ्या वाजल्या. मला एका बाईने खुर्ची दिली. मी रंग लावून घेतला नाही, मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे. सूनबाईने पहिला मान घेतला. बाबांचा रंग म्हणत तिने दोन्ही गालांना चोळून घेतला.

दुपारी ३
अंघोळी चालू आहेत.

दुपारी ४
अजून चालू आहेत.

संध्याकाळ
सूनबाईचा चेहरा पिकलेल्या आंब्यासारखा आहे. कानही. तिने दही लावले, बेसन लावले, मुलाच्या दाढीचा साबण लावला. पहिल्या मजल्यावरचे बाळ पिवळे आहे, त्याची आजी पिवळी आहे. सेक्रेटरी पिवळा होऊन दारात आला आणि मला विचारले, असे कसे झाले? आता माणसाचे कातडे रेशमासारखे रंग धरते हे मला कुणी सांगितले होते का? मी म्हणालो, हळदीत काही असेल. आजकाल कशाचा भरवसा नाही. तो म्हणाला, बरोबर, त्या दुकानदाराला विचारतो, आणि खाली गेला.

मी खोटे बोललो नाही. 'असेल' म्हणालो.

ही माझ्या हातांकडे बघत होती. सबंध इमारतीत माझेच हात स्वच्छ आहेत.

१५ मार्च
अंगात कणकण आहे. बाहेर पडलो नाही. थर्मामीटर बिघडला असावा, नॉर्मल दाखवतो.

१७ मार्च, सोमवार
सूनबाई तोंडाला ओढणी गुंडाळून बँकेत गेली. काउंटरवर ओढणी काढावीच लागते. मी खिडकीतून दुकान बघत बसलो. दुपारी दीड ते चार, फक्त दोन गिऱ्हाइके. लोकांनी त्याला टाकले. एका शब्दाने माणसाचे दुकान बसते. जेवण गेले नाही. दोनच पोळ्या खाल्ल्या.

उद्या जाऊन सेक्रेटरीला सगळे सांगायचे. नक्की.

१८ मार्च
पाय दुखत होता.

१९ मार्च
दुकानदार स्वतः तांदळाची पिशवी घेऊन वर आला. पिशवी ठेवली, घाम पुसला, पण जाईना. मग म्हणाला, आजोबा, त्या दिवशी सेक्रेटरी माझ्या हळदीला नावे ठेवून गेले. तुम्ही रंगातले जाणकार. तुम्हीच सांगा, माझ्या हळदीत खोट आहे का?

सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने चालू नळ बंद केला.

मी म्हणालो, तपासावी लागेल.

तो म्हणाला, बरं. आणि गेला. नळ पुन्हा सुरू झाला.

२१ मार्च
रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. तिथे सगळ्यांसमोर उभे राहून सांगणार. भाषण लिहायला घेतले. रेशीम रंगवण्याच्या माहितीपासून सुरुवात केली आहे, म्हणजे लोकांना माझी बाजू समजेल. चार पाने झाली, तुरटीपर्यंत अजून आलेलो नाही. हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, मधली पाने गाळा, चुकलं म्हणा आणि खाली बसा.

२३ मार्च, रविवार
मीटिंग पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर होती. दुकानदारही आला होता, सगळ्यात मागे. मी उभा राहून वाचायला लागलो. रेशमाचा किडा इथपर्यंत वाचले तेव्हा सेक्रेटरी हळूच म्हणाला, आजोबा, बसा. आम्हाला माहीत आहे.

काय माहीत आहे, विचारले.

तुमच्या सूनबाई रंग खेळलो त्याच संध्याकाळी आमच्या सगळ्यांच्या दारी येऊन गेल्या, म्हणाला. पिवळ्या तोंडाने. बाबांनी रंग पक्का व्हावा म्हणून तुरटी घातली, हंड्याच्या तळाशी खडे सापडले, त्यांना रागावू नका, म्हणाल्या. सगळ्यात आधी दुकानात गेल्या होत्या.

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते. टाकीचा विषय पुढे सुरू झाला.

म्हणजे बुधवारी तांदूळ घेऊन आला तेव्हा दुकानदाराला सगळे ठाऊक होते. तो मला विचारत नव्हता. संधी देत होता.

२४ मार्च
दुपारी खाली गेलो. दुकानात एकच बाई होती, तिचे होईपर्यंत थांबलो. दुपारी तिथे अशीच शांतता असते म्हणे, रोजची. माफी मागायची म्हणून तोंड उघडले आणि निघाले, पाव किलो हळद द्या.

त्याने तोलली, पुडी बांधली, माझ्या स्वच्छ हातात ठेवली. म्हणाला, तपासून घ्या.

घरी आणली. सूनबाईने आमटीत घातली. तिचे कान अजून पिवळे आहेत.