तुमच्या वाचनाची साक्ष

प्रिय बाबा,

त्या रविवारी वर्तमानपत्रातल्या चार ओळी तुम्ही मला वाचून दाखवल्या, त्या खरंच वाचल्या होत्या की पाठ केल्या होत्या? मला सांगता येत नाही. आणि परवा एका आईला काय सांगायचं, ते नेमकं यावरच अडलं, म्हणून लिहायला बसले.

ती माझ्या वर्गातल्या सुनंदाची आई. पोर गणितात हुशार, पण भ आणि म, घ आणि ध यांत अडकते, अगदी तुमच्यासारखी. आईच्या हातात डोळ्यांच्या व्यायामाची ती पुस्तिका; हा उपाय करू का, असं विचारायला आलेली. त्यात भिलाईच्या एका मुलीचं पत्र छापलंय : माझ्या वडिलांना शब्दांधत्व होतं, तीन महिन्यांत ते वाचू लागले. बाबा, ते पत्र माझंच, त्या रविवारनंतर पाठवलेलं!

तुम्ही भिलाईला मिलाई वाचायचे. मी हिरमुसले की म्हणायचे, "मिलाईच तं आहे पोरी. पंजाब, मद्रास, भंडारा, सारेच इथं मिळाले."

कॉलेजात मी शब्दांधत्वाबद्दल ऐकलं : नजर आणि बुद्धी शाबूत असूनही अक्षरं न लागणं. चौथीपर्यंत मार खाल्लेले माझे बाबा ढ नव्हते! त्या आनंदात जो पहिला उपाय दिसला, तोच खरा मानला. तुम्ही पोलाद कारखान्यातल्या पाळीवरून थकून यायचे आणि मी तुमच्या एका डोळ्यावर पट्टी बांधून समोर पेन्सिल हलवायची. एकदाही "नाही" का म्हणाला नाहीत?

तुमच्या तेराव्यानंतर आई बोलली. "त्या रविवारी सकाळी शेजारच्या साहूजीकडून तीनदा वाचून घेतलं त्यायनं. म्हणे, पोरगी किती आस लावून राहिली." चारही ओळी? ते तिलाही माहीत नाही.

आणि समजा, तुम्ही वाचल्या असतील. तरी त्या पट्टीनं, की रोज तासभर मी शेजारी बसून शिकवत होते त्यानं? ज्यांना गुण आला नाही, त्यांनी पत्रं लिहिली का? लिहिली तर छापली का? बी.ए. झालेल्या मला यातलं काहीच सुचलं नाही. तुम्ही मात्र भट्टीवरचा नमुना लॅबोरेटरीत पोचवायचे आणि हसून सांगायचे, "ज्यानं ओतलं त्यानंच पास केलं, तं तो लाड झाला, तपासणी नाही." शिकवणारी मी, परीक्षा घेणारी मी, आणि वर तुमची लेक!

तुम्ही आज समोर बसलात, तर पट्टी नाही बांधणार. एवढंच विचारीन, बाबा, अक्षर तुम्हाला दिसतं तरी कसं? तेवढं विचारायचं राहूनच गेलं हो.

सुनंदाच्या आईला मी सांगितलं, ते पत्र माझं आहे, त्यावर विसंबू नका. तिनं विचारलं, "मंग उपाय खोटा आहे का, बाई?" म्हटलं, तेही मला माहीत नाही. खरा असल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, एवढंच माहीत आहे. तिनं पुस्तिका मिटून पिशवीत ठेवली. तिच्या हातातली आशा मी काढून घेतली, बाबा, आणि द्यायला माझ्याकडे शाळा सुटल्यानंतरचा एक तास होता.

तो तास मी चुकवणार नाही. सुनंदाला किती जमलं, किती नाही, दोन्ही लिहून ठेवीन. आणि तिची परीक्षा मी घेणार नाही, दुसऱ्या बाई घेतील, तिनं कधी न पाहिलेल्या ओळींवर.

आज सकाळी दुर्गच्या पोस्टात जाऊन पुस्तिकावाल्यांना रजिस्टर पत्र टाकलं : माझे वडील वाचू लागले, असं मी कळवलं होतं. ते मला ठाऊक नव्हतं. माझं पत्र काढून टाका.

तुमची,
कमल