तुमच्या नकाशातली तुटक रेघ

बाबा, परवा आपल्या समा भागातल्या घरी कॉलेजातली एक मुलगी आली होती. तिला गेमसाठी स्वतःचा नकाशा करायचाय, सुरुवात कुठून करू म्हणून विचारत होती. मी म्हटलं, आधी उतार, मग पाणी, मग माणसं. राजवाडा सगळ्यात शेवटी. वाक्य तुमचं, पण मी ते माझंच असल्यासारखं ऐटीत सांगितलं.

माझा पहिला नकाशा आठवतो? कॉम्प्युटरवरच्या त्या लढाईच्या खेळात मी आधी दोन्ही किल्ले मांडले, मग सोन्याच्या खाणी, जंगल, आणि उरलेल्या जागेत नदी कोंबली. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून पाहिलंत आणि लाडाने म्हणालात, "दीकरा, ही नदी डोंगर चढतेय." रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात सगळी नोकरी काढलेला माणूस दुसरं काय बोलणार! मी फुरंगटून बसले. रविवारी तुम्ही सेव-उसळीबरोबर एक ट्रेसिंग पेपर घेऊन आलात. त्यावर अख्खा मुलूख तुमच्या हातचा, आणि नदी शहाण्यासारखी खाली वाहणारी. मी तो स्क्रीनवर उतरवला. संध्याकाळी शेजारची गुजराती मैत्रीण खेळायला आली. तिने नदीवरच्या एकुलत्या एका पुलावर सैन्य उभं केलं आणि पंधरा मिनिटांत माझा खेळ आटोपला. "काका, मॅप तो जोरदार छे!" ती म्हणाली. मी मात्र तिच्यादेखत तुमच्यावर खेकसले, "एकच पूल काढलात! बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि उसळीच्या वाट्या उचलून आत गेलात. त्यानंतर माझ्या स्क्रीनकडे कधी फिरकला नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटतं, बाबा.

नदीच्या वरच्या अंगाला तुम्ही एक तुटक रेघ काढली होती. नदी ओलांडणाऱ्या पायवाटेची. तिथे पाणी गुडघाभर, सैन्य सहज पलीकडे जातं. तुटक रेघ म्हणजे पायवाट, हे तुमच्या ऑफिसात कुणाला सांगावं लागलं नसतं. मला ती पुसायची राहिलेली कच्ची रेघ वाटली आणि मी ती गाळली. आईला मी सांगत आले की हे मला तुम्ही गेल्यावर, तुमचे कागद आवरताना कळलं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते: ते खोटं आहे. मैत्रीण जिना उतरत होती, तेव्हाच मला कागदावरच्या त्या रेघेचा अर्थ कळला होता. तुम्ही आत वाट्या विसळत होतात, आणि मी खुर्चीवरून उठले नाही.