इंजेक्टर अजून साफ होताहेत

३ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तू गाडीचे इंजेक्टर काढून नेलेस त्याला आज तीन आठवडे झाले. साफ करायला इतके दिवस? मी उभा जन्म गॅरेजात काढला, चार इंजेक्टर जेवणाआधी धुऊन मोकळा व्हायचो. त्यांची तोंडं उघडी ठेवू नकोस, आत धूळ गेली की संपलं. सोबत टोपणं पाठवतोय. पेनांची आहेत, पण घट्ट बसतात. प्रत्येकावर नंबर बांध, ज्याचा तो त्याच्याच जागी गेला पाहिजे. आणि भोकात सुई घातलीस तर कान पिरगाळीन.

इंजिनाच्या भोकांत मी स्वच्छ कापडाचे बोळे घालून ठेवलेत. इंधन फवारणारे इंजेक्टरच नाहीत, तर गाडी सुरू कशी व्हायची? घरात कोंडल्यासारखं झालंय रे. ताई बाहेरची कामं करते आणि मी खिडकीशी बसतो.

लोभ असू दे, आणि टोपणं लावलेली असू देत.

— बाबा

१४ मार्च

ती. बाबांस सा. न.

टोपणं मिळाली, लगेच लावली. दोन नंबरच्या इंजेक्टरमध्ये जुना मळ घट्ट बसलाय, फवारा एकीकडेच जातो. तो भिजत ठेवलाय. रबरी रिंगाही बदलायच्यात, त्या मिळत नाहीयेत. थोडा धीर धरा. पायी फिरायला जात जा, पण ताईला बरोबर घ्या.

माया आहेच, राग तेवढा कमी करावा.

— तुमचा धाकटा

२ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझी थाप आता माझ्याच्यानं निभत नाही. रोज सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून त्या गाडीत जाऊन बसतात, स्टिअरिंग धरून. पोस्टमन येऊन गेला तरी आला का म्हणून तीनदा विचारतात. काल माझ्या पाया पडायला वाकले, म्हणाले, त्याला सांग ना, माझे इंजेक्टर दे म्हणावं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जानेवारीत ब्रेक समजून त्यांनी दुसरंच दाबलं आणि गाडी शाळेच्या भिंतीवर घातली. मुलं नुकतीच वर्गात गेली होती म्हणून वाचली. बाबांना त्यातलं काही आठवत नाही, आणि म्हणूनच तू इंजेक्टर नेलेस, हे मला कळतं. पण हे भिजत घोंगडं किती दिवस? खरं काय ते तूच त्यांना लिही. मी हरले.

तुझी, आणि थकलेली,

— ताई

१९ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

आज डोकं ठिकाणावर आहे तोवर लिहून टाकतो. तुझं खरं सांगणारं पत्र चार वेळा वाचलं. ती भिंत आठवली. भिंतीपलीकडचा मुलांचा गलका आठवला. बरं केलंस, नेलेस ते.

उद्या मी हे विसरेन. पुन्हा मागेन, रडेन, शिव्या देईन. तरी देऊ नकोस, तुला माझी शपथ आहे. खरंही पुन्हा सांगू नकोस, एकदा ऐकलं ते पुरे. साफ होताहेत, असंच लिहीत जा. इंजेक्टर गेल्यापासून तुझी नऊ पत्रं आली. त्याआधी चार वर्षांत दोन आली होती. इंजेक्टरना अधूनमधून तेल लावत जा, नाहीतर गंजतील.

मी विसरलो तरी तू लोभ ठेव.

— बाबा

ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. इंजेक्टर झाले का रे साफ? लवकर पाठव, सोमवारी गाडी काढायची आहे.