सुपूर्दनाम्यावरची गाडी

मी, गोपाल वामनराव भोयर, वय ६३, राहणार डोंगरटोला, तालुका सावली, जिल्हा चंद्रपूर, डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. हृदय तेवढे ठिकाणावर नाही, असे नागपूरचे डॉक्टर म्हणतात.

१. राहते घर भांड्याकुंड्यांसह पत्नी गिरजाबाईचे. धानाची दोन एकर बांधी मुलगी नंदिनीची. जावयाने त्यात नाक खुपसू नये.

२. मस्कतहून आणलेली पांढरी मोटार. हिच्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे.

मी तिकडे बावीस वर्षे क्रेन चालवली. मे २०१३ मध्ये स्वतःची गाडी जहाजाने मुंबईला उतरवली. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून इथे तिची नोंदणी होणार नव्हती. परवानगी होती ती सहा महिने फिरवून परत नेण्याची. मुदत ९ नोव्हेंबरला संपत होती आणि गावची मंडई होती १४ तारखेला. दिवाळीनंतरच्या या जत्रेला लेकीबाळी, सोयरेधायरे सगळे येतात. मोठा भाऊ वारलू म्हणाला, "आता नेली त कोनं पाह्यली? मंडई होऊ दे, मंग ने." मी थांबलो. मंडईत नाटकापेक्षा माझ्या गाडीजवळ गर्दी जास्त होती, हे नाकारत नाही.

दोन आठवड्यांत कस्टमचे लोक आले. गाडी जप्त केली, माझ्याच गुरांच्या कोठ्यात ठेवली आणि सुपूर्दनाम्यावर माझी सही घेतली: हलवणार नाही, विकणार नाही, मागाल तेव्हा हजर करीन. तिच्या राखणीला मी अडकलो आणि तिकडची नोकरी गेली. बारा वर्षे झाली. अधिकारी येतात, चासीचा नंबर वाचतात, चहा पिऊन जातात. वारलूला मी काही देत नाही. त्याचा सल्ला मला फार महागात पडला.

३. वकील गुणवंतराव पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "गोपालभाऊ, गाडी सरकारजमा होऊ द्या अन् मोकळे व्हा." गाव हसेल म्हणून मी अपिलावर अपील करत राहिलो. ही चूक वारलूची नाही, माझी आहे, आणि मला तिची लाज वाटते.

२०१९ साली मी ऑपरेशनला गेलो तेव्हा माझ्या जागी मुलगा कुलदीप याने सही केली. तेव्हापासून तोही बांधला गेला. तोही क्रेनच शिकला. मस्कतहून दोनदा बोलावणे आले आणि दोनदा त्याने नकार कळवला. मला म्हणाला, "बाबा, मंग गाडीजवळ कोन राहीन?"

४. अपील मागे घेण्याच्या अर्जावर मी आज सही केली आहे. सरकार गाडी नेईपर्यंत कुलदीपऐवजी गिरजाबाई राखणदार राहील. तिची सही परवाच झाली. अधिकाऱ्याला म्हणाली, "मले कुठी जायाचं हाये? माही सही घ्या." तिची मी क्षमा मागतो.

५. कुलदीपला मी घर, शेत, काहीही देत नाही. त्याने माझे काही बिघडवलेले नाही. पण काही दिले तर तलाठ्याकडे, कोर्टात सह्यांसाठी त्याला थांबावे लागेल. तिसरे बोलावणे आले आहे, विमान २१ तारखेचे आहे. मी त्याआधी गेलो तरी त्याने त्याच विमानाने जावे. अग्नी नंदिनी देईल. तिला मी सांगून ठेवले आहे.

वरील मजकूर दोघा साक्षीदारांदेखत वाचून, कोणाच्या दबावाखाली नसताना सही केली.

गोपाल वामनराव भोयर

साक्षीदार:
१. गुणवंतराव शेंडे, वकील, सावली
२. अतुल गेडाम, डोंगरटोला

डोंगरटोला, १२ नोव्हेंबर २०२५