माझ्या उंचीची मेणबत्ती

मुक्काम कोल्हापूर, गावाभायेरचा माळ

तीर्थरूप बाळाबाई आत्तीस,

तुमच्या पायावर डोकं ठेवते असं लिवणार हुते, पर आबा म्हणाले, डोकं देवाशिवाय कुनापुढं ठेवायचं न्हाय, शास्त्रात लिवलंय. म्हणून नुसता सलाम लिवते. (डोकं म्या मनातल्या मनात ठेवलंय, ते आबांना दिसत न्हाय.) तुमचा गुडघा कसा हाय? म्हस याली का? आमच्याकडची खबर म्हंजे म्या बरी हाय. लई बरी हाय. दोन भाकऱ्या खाते आनि तिसरीकडं बघते. तुमी गाडीवान केरबाकडनं दोनदा इचारलंत, पोर जगली का म्हणून, त्याचं उत्तर माझ्याच हातानं लिवावं असं वाटलं. आई गेली तशी माझी शाळा सुटली, तवा अक्षर वाकडं आलं तर पोटात घाला. तोंडानं बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुमाला म्हाईत हायच. कागद माझ्याकडं बघत न्हाय, म्हणून त्याच्याशी बोलाय जमतंय.

पलेगामुळं गाव रिकामं केलं आनि समद्यांनी माळावर गवताच्या झोपड्या घातल्या, हे तुमाला कळलंच असंल. आमच्या शेजारच्या झोपडीत गोव्याची कार्मेलीनमावशी आनि तिचा नवरा कायतान मेस्त्री आले. मेस्त्री दरबारच्या बँडात कर्णा वाजीवतो. (माणूस येवढा गप की समदा आवाज कर्ण्यासाठी राखून ठेवलाय असं वाटतं.) ती बी आमच्यागत किरिस्तावच. तुमी म्हणाल, मग बरं झालं, आपल्यातलेच शेजारी मिळाले. न्हाय ओ आत्ती! तुमाला जुन्या देवाच्या माणसांना किरिस्ताव म्हंजे समदे येक वाटत्यात, पर आबांना इचारा. त्यांच्यात येशूच्या आईला, मारियेला, हाक मारत्यात. सायबीण म्हणत्यात तिला. संतांना बी हाक मारत्यात. आबांचं म्हणणं, धन्याचं दार उघडं असताना देवडीवरच्या शिपायाला कशाला सलाम करायचा? मावशी म्हणते, ती शिपाई न्हवं, आई हाय. आईनं सांगितलं की लेक ऐकतो, तुज्या घरात ऐकत नसंल तर तुजं तू बघ.

त्यात तिच्या झोपडीत पलेगाच्या संताची बारकी मूर्ती. त्याच्या मांडीवर गाठ आनि बाजूला तोंडात पाव धरलेलं कुत्रं. पलीकडच्या झुंबरबाईनं कुत्रं बघितलं आनि हा खंडोबाच म्हणून वर भंडारा उधळला. आबांना वाटलं, आता तरी हिचे डोळे उघडत्याल. मावशीनं भंडारा पुसला बी न्हाय. म्हणाली, पिवळा रंग शोभतो त्याला.

आबा बाजारा-बाजारानं शुभवर्तमानाची पुस्तकं विकत्यात, तवा त्यांच्या हातात येकच दांडका: "शास्त्रात कुठं लिवलंय, दाखीव." मावशीला वाचाय येत न्हाय. पर ती बी गप बसणारी न्हवं. येक दिवस म्हणाली, "आकारामदादा, तुज्या साहेबाचं जहाज यायच्या आदी हे पुस्तक जपून कुनी ठेवलं रे? आमच्याच पाद्रींनी. आमच्याच घरातलं भांडं नेलंस आनि आमालाच इचारतोस, तुमच्याकडं भांडं हाय का?" आबा त्या दिशी जेवले न्हाईत. (भाकरी बी करपली हुती, तवा नेमकं कशानं ते सांगता येत न्हाय.)

आता माझ्या तापाचं. आबा पन्हाळ्याच्या बाजाराला गेलते आनि मला इकडं ताप भरला. ताप म्हटलं की माळावर लोक चुलीतलं लाकूड टाकून पळत्यात. झुंबरबाईनं तर माणूसच न्हवं, आपली आख्खी झोपडी उचलून लांब नेली. तिला म्या नाव ठेवत न्हाय, तिच्या घरात बारकी पोरं. पर कार्मेलीनमावशी आत आली. पदर खवला आनि बसली ती उठलीच न्हाय. कपाळावर थंड फडकी, चमच्या-चमच्यानं पेज, आनि तिच्या बोलीतली गाणी. म्या मधनंच डोळे उघडले की तिचा हात दिसायचा, हातात जपमाळ. ही मूर्तिपूजक बाई, हिच्या हातचं खाऊ नगं, असं आबांनी सांगितल्यालं मला आठवायचं, आनि म्या अजून येका चमच्यासाठी तोंड उघडायची.

ताप उतरंना तवा तिनं सायबिणीला नवस केला. पोर उठली तर तिच्या उंचीची मेणबत्ती लावीन. आता उंची कळाय माप नगं का? कायतान मेस्त्री सुतळी घेऊन आला. मावशीनं माझ्या डोक्याशी येक टोक धरलं, मेस्त्रीनं टाचेशी दुसरं धरलं, आनि नेमकं त्याच वक्ताला आबा दारात.

आत्ती, तुमच्यात मेलेल्याला जाळत्यात, तवा हे तुमाला सुचायचं न्हाय. पर आमच्यात माणूस गेला की सुतार येतो आनि डोक्यापास्नं टाचेपातूर सुतळीनं माप घेतो, पेटी कराय. आबांनी सुतळी बघितली, मावशीच्या डोळ्यातलं पानी बघितलं, आनि हू का चू न करता माघारी वळले. आत येऊन नाकाला हात लावून बघाय नगं व्हय? पर हर गोष्टीला पुरावा मागणाऱ्या माणसानं त्या दिशी तेवढा येकच मागितला न्हाय. तसेच धावत जोतीराम सुताराकडं गेले. जोतीरामनं हातातलं काम टाकून रडत रडत पेटी केली. (मला बारकेपणी लाकडाची बाहुली त्यानंच करून दिलती.) सकाळी केरबाच्या गाडीत पेटी, पेटीशेजारी आबा, आबांशेजारी जोतीराम, तिघंबी डोळे पुशीत दारात आले, तवा माझा ताप रातीतच उतरला हुता आनि म्या चुलीपाशी बसून पेज भुरकत हुते. मला कायच ठावं न्हवतं. म्या म्हटलं, "आबा, पुस्तकं लई आनल्यासा?" आबांनी पेटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आनि तवा कुठं माझ्या नाकाला हात लावून बघितलं. जोतीरामनं मातर डोळे पुसले आनि म्हणाला, केलीच हाय तर माप तरी बघून घिऊ.

पेटी माघारी घ्याय तो तयार हुईना, अपशकुन म्हणाला. पर पेटीपरास मोठं भांडण पुढंच हुतं. आबा म्हणाले, पोर देवानं वाचिवली. मावशी म्हणाली, देवानंच वाचिवली, पर देवाला आठवण कुनी केली? म्हणून सायबिणीच्या सणाला, देवदूत तिच्याकडं निरोप घेऊन आला त्या दिशी, मेणबत्ती लावायची आनि ती बी पोरीनं आपल्या हातानं. आबा उठून उभं ऱ्हायले. माझी पोर मारियेपुढं मेणबत्ती लावनार न्हाय, शास्त्रात कुठं... मावशीनं त्यांना पुरतं बोलूच दिलं न्हाय. म्हणाली, "मग माज्या तोंडावर म्हण, पोर उठाय नगं हुती." मावशी डोळं पुशीत गेली आनि त्या दिवसापास्नं आमच्या झोपडीत आली न्हाय. नवस राहिला तर तो तिच्या डोक्यावर. आनि म्या तिला अजून तोंडानं येक शब्द बी बोलले न्हवते, आत्ती. गवताच्या भिंतीपलीकडं ती खोकली तरी मला कळायचं, आनि म्या अलीकडं भाकरी थापत बसायची. आबांनी जायचं न्हाय म्हणून सांगितलं हुतं. खरं सांगायचं तर त्यांनी सांगितलं नसतं तरी मला काय बोलाय सुचलं नसतं.

त्यात बेळगावास्नं मेणबत्ती आली. ऊन असलं की मेणबत्तीला कमरंत बाक आला, म्हाताऱ्यागत. मेस्त्री तिला बंदुकीसारखी खांद्यावर टाकून आमच्या दारात उभा ऱ्हायला. नुसतं पेटीकडं बघितलं. आबा म्हणाले, लाकडाला धर्म नसतो. तवा माझ्या मापाच्या पेटीत माझ्या मापाची मेणबत्ती निजली, वर ओलं फडकं, त्यावर झाकण, त्यावर आबांची न खपल्याली शुभवर्तमानं. आठवड्यानं आबांचे पाद्रीसाहेब भेटाय आले. बसाय दुसरं काय न्हाय, म्हणून पेटीवरच बसले आनि म्हणाले, आकाराम, तुझ्या घरात येक बी मूर्ती न्हाय, मेणबत्ती न्हाय, बघून समाधान वाटलं. आबा म्हणाले, "व्हय साहेब," आनि भायेर जाऊन उगाच बैलाला पानी दाखवाय लागले. (आमच्याकडं बैल न्हाय. तो केरबाचा हुता.)

सणाच्या दिशी सांजच्याला मावशीकडं त्यांच्यातली लादाईन हुती. म्हंजे सायबिणीची आरतीच म्हणा. (आबांपुढं म्हणू नगा.) मेस्त्री फिडल घेऊन बसला, माळावरची चार गोव्याची मंडळी आली, उकडल्याल्या हरभऱ्याचा वास सुटला. आबा कोट घालून, पुस्तक काखेत मारून उठले. मला म्हणाले, "चल, आज पुस्तकातनंच दावतो, मारियेचं म्हणून काय लिवलंय नि काय न्हाय." मावशीच्या झोपडीत मंडळीपुढं उभं ऱ्हाऊन त्यांनी पैला अध्याय मोठ्यांदा वाचाय घेतला. देवदूत आला. सलाम म्हणाला. पुढं मारियेचं गाणं लागलं आनि वाचता वाचता तो शब्द आला, की हितनं पुढं समद्या पिढ्या मला धन्य म्हणतील. तिथं आबांनी बोट ठेवलं आनि ते वाक्य पुन्ना येकदा वाचलं. ही पुस्तकं त्यांनी पन्हाळ्यापास्नं तुमच्या इचलकरंजीपातूर विकल्यात, ते वाक्य त्यांना पाठ हाय. पर धन्य म्हणणाऱ्या माणसांच्या मधी उभं ऱ्हाऊन त्यांनी ते कंदी वाचलं न्हवतं. गोव्याची मंडळी येकदम "आमेन" म्हणाली. मावशी म्हणाली, "अजून वाच, दादा. ब्येस वाचतोस. आमचा पाद्री लॅटिनात वाचतो, काय कळत न्हाय." आबांनी अध्याय संपेपातूर वाचला.

मग मेणबत्ती. गवताच्या झोपडीत कशी लावणार, म्हणून भायेर माळावर उभी केली. मावशीनं मला शेजारी उभं केलं. तापातनं उठल्यावर म्या बोटभर वाढले हुते, मेणबत्ती आखूड पडाय पायजे हुती, पर म्या सदा मान खाली घालून उभी ऱ्हाते, तवा माप बरुबर आलं. म्या काडी ओढली, वारं आलं. दुसरी ओढली, पुन्ना वारं. मावशी सायबिणीला हाका माराय लागली. तवा आबा कायतरी पुटपुटले आनि पुढं आले. कोटाची दोन्ही टोकं हातात धरून मेणबत्तीभवती उभं ऱ्हायले, वाऱ्याकडं पाठ करून. तोंड मातर दुसरीकडं, म्हंजे बघणाऱ्याला वाटावं, माणूस आपला पन्हाळा बघत उभा हाय. तिसऱ्या काडीला जोत धरली. लादाईन संपेपातूर आबा हालले न्हाईत.

तवा म्या मान वर केली. मेणबत्तीपरास उंच झाले. मावशीकडं बघितलं आनि तिच्याच बोलीत, म्या आजारी असताना तीच हर चमच्याला सायबिणीला म्हणायची तसं, मोठ्यांदा म्हटलं, "देव बरें करूं." (त्यांच्यात आभार मानताना असं म्हणत्यात.) येवढंच आलं, आत्ती, पर आलं. मावशीनं मला असं आवळलं की आवाज पुन्ना बंद. आबा वाटंत म्हणाले, "तुज्या बोलण्यात देवाचंच नाव हुतं. त्यात चूक न्हाय."

तुमाला बी देव बरें करूं. तुमी केरबाकडनं धाडल्याल्या तांदळाचीच ती पेज हुती.

तुमची,
रिबका

ता. क. केरबाच्या गाडीत लांबडी पेटी येती. ती बघून रडू नगा, गावाला बोलावू नगा. म्या जिती हाय, पेटीत तुमी मागितल्याला गूळ हाय. आमच्या घरचं पानी तुमाला चालत न्हाय पर गूळ चालतो, म्हणून. पेटीत आजपातूर जोतीरामच्या हट्टापायी म्या येकदाच निजले, ती बी जिती. धान्य भराय ब्येस हाय, उंदीर शिरत न्हाय.

दुसरा ता. क. पत्र लिवायचं खरं कारण हे. आबा तुमाला सांगत्याल की त्यांनी मेणबत्तीला हात लावला न्हाय. ते खरं हाय. पर कोटावर छातीपास्नं खालपातूर मेण सांडलंय आनि देवळात जायला तोच येक कोट. रविवारी पाद्रीसाहेब बघत्याल. तुमाला धुण्यातलं लई कळतंय, तवा मेण कसं काढायचं ते केरबाकडनं तेवढं सांगून धाडा.

तिसरा ता. क. (आकारामच्या हातचा) आक्का, पोरीनं पत्र मला दावलं. बैलाची गोष्ट तिनं वाढवून लिवली हाय. बाकी, कोटावरचं मेण काढावं असं शास्त्रात कुठंबी लिवल्यालं न्हाय. तवा उपाय धाडू नगंस.